क्रीडापटूंची नावे व प्रतिरूपे, व्हिडिओ खेळांतील

क्रिकेट, फुटबॉल, बास्केटबॉल, मुष्टियुद्ध इ. क्रीडाप्रकारांवर आधारलेल्या व्हिडिओ खेळांत प्रत्यक्षातील खेळाडूंची नावे, चेहरेपट्टी, शरीरयष्टी, पोशाखावरील क्रमांक, खेळण्याच्या लकबी व कामगिरीची आकडेवारी यांचा केला जाणारा उपयोग आणि त्या उपयोगासंबंधीचे खेळाडूंचे हक्क. अशा खेळांची गोडी बऱ्याच अंशी त्यांतील खरेपणावर अवलंबून असते. पडद्यावर धावणारी आकृती आपल्या परिचयाच्या खेळाडूची आहे, ही जाणीव खेळणाऱ्यास हवी असते आणि तिच्यासाठी तो पैसे मोजतो. साहजिकच ह्या ओळखीचे मूल्य कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न उपस्थित होतो. त्यावर खेळाडू, त्याचा संघ, स्पर्धा भरविणारी संघटना आणि संगणकाच्या साहाय्याने ती आकृती घडविणारा निर्माता हे सर्वच कमीअधिक प्रमाणात हक्क सांगतात. ह्या विषयाचा कायदा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला. नाव गाळल्याने व्यक्तीची ओळख पुसली जात नाही, हे तत्त्व तेथील न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने मान्य केले. तथापि हक्क मान्य होणे आणि त्याचा मोबदला हाती पडणे ह्या भिन्न गोष्टी असून, दुसरी गोष्ट प्रायः खेळाडूंच्या संघटित सामर्थ्यावर अवलंबून राहिली आहे.

प्रतिरूपाचे स्वरूप : व्हिडिओ खेळातील प्रतिरूप अनेक घटकांच्या संयोगाने सिद्ध होते. खेळाडूच्या चेहऱ्याची अनेक बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांवरून त्रिमितीय मुखाकृती तयार करतात. अंगावर खुणेचे ठिपके बसविलेल्या खेळाडूच्या हालचाली अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपून त्या संगणकीय सांगाड्यावर आरोपित करतात. त्यामुळे गोलंदाजाची धाव किंवा फुटबॉलपटूची चेंडू मारण्याची ढब हुबेहूब उतरते. उंची, वजन, वर्ण, केशरचना, डावखुरेपणा, पोशाखावरील क्रमांक, मनगटपट्टी वा शिरस्त्राणाचा प्रकार हे तपशील स्वतंत्रपणे नोंदविलेले असतात. शिवाय वेग, शक्ती, अचूकता, दमश्वास इ. गुणांना अंक दिलेले असतात व ते खेळाडूच्या खऱ्या कामगिरीनुसार बदलत राहतात. नाव हा ह्या घटकांपैकी केवळ एक होय. तो वगळला, तरी उरलेल्या घटकांचा मेळ एकाच व्यक्तीकडे बोट दाखवितो. पुढील काळातील बहुतेक वाद ह्याच वस्तुस्थितीभोवती फिरत राहिले.

कायदेशीर पार्श्वभूमी : सॅम्युएल वॉरन व लूइस ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये *हार्व्हर्ड लॉ रिव्ह्यू* ह्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात खाजगी जीवनाच्या हक्काची मांडणी केली. हा हक्क एकांत भंगल्याच्या दुःखावर आधारलेला होता. नामवंत खेळाडू मात्र प्रसिद्धी टाळत नसतो. त्याची तक्रार प्रसिद्धी मिळाल्याची नसून तिचा मोबदला दुसऱ्याने घेतल्याची असते, आणि ती ह्या हक्कात नीट बसेना. ही अडचण १९५३ मध्ये हेलन लॅबोरेटरीज विरुद्ध टॉप्स च्युइंग गम ह्या खटल्यात दूर झाली. च्युइंग गमच्या पुडक्यांबरोबर बेसबॉलपटूंची चित्रे विकण्यावरून दोन कंपन्यांत उद्‌भवलेला तो वाद होता. न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी त्या निकालात ‘प्रसिद्धीचा हक्क’ ही संज्ञा योजली व आपल्या छायाचित्राच्या व्यापारी उपयोगाची अनुमती देण्याचा हा हक्क मौल्यवान व हस्तांतरणक्षम असल्याचे मान्य केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा हक्क १९७७ मध्ये आला. तोफेतून स्वतःस उडवून घेणाऱ्या ह्यूगो झाकीनी ह्या कसरतपटूचा संपूर्ण प्रयोग एका दूरचित्रवाणी केंद्राने वार्तापत्रात दाखविला होता. न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने कसरतपटूची बाजू उचलून धरली.

व्हिडिओ खेळांचा प्रसार होण्यापूर्वीच घरगुती पटावरील खेळांबाबत दोन महत्त्वाचे निर्णय झाले होते. १९६७ मध्ये आर्नल्ड पामर, गॅरी प्लेअर, डग सँडर्स व जॅक निक्लस ह्या गोल्फपटूंनी न्यू जर्सीच्या न्यायालयात दावा लावला. एका खेळाच्या पेटीत त्यांची नावे व कारकीर्दीचे तपशील अनुमतीवाचून घातलेले होते. हे तपशील सर्वांना उपलब्ध असले, तरी ते विक्रीच्या वस्तूसाठी वापरण्याची मुभा निर्मात्यास नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. १९७० मध्ये मिनेसोटा राज्यातील संघीय न्यायालयाने, शेकडो बेसबॉलपटूंची नावे व आकडेवारी वापरणाऱ्या पटावरील खेळासंबंधी अशाच स्वरूपाचा निर्णय दिला.

१९७४ मधील मॉट्‌शनबाखर खटला ह्या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. मोटारशर्यतपटू लोथार मॉट्‌शनबाखर याची मोटार एका सिगारेटच्या जाहिरातीत वापरण्यात आली होती. चालकाचा चेहरा दिसत नव्हता आणि मोटारीवरील ११ हा क्रमांक बदलून ७१ केलेला होता. तथापि त्या मोटारीच्या विशिष्ट रंगरेषांवरून ती कोणाची हे शर्यतींच्या शौकिनांस कळत होते. सॅन फ्रॅन्सिस्को येथील संघीय अपील न्यायालयाने एवढी ओळख पुरेशी मानली. व्यक्ती न दाखवताही तिची ओळख वापरता येते, हे सूत्र त्यातून पुढे आले.

प्रारंभीचे व्हिडिओ खेळ : आरंभीच्या व्हिडिओ खेळांतील आकृत्या काही ठिपक्यांच्या बनलेल्या असल्यामुळे त्यांत प्रतिरूपास वाव नव्हता; उपयोग व्हावयाचा तो नावाचा. अटारी कंपनीने १९८० च्या सुमारास आपल्या फुटबॉलच्या खेळास पेले (१९४०–२०२२) याचे नाव दिले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स (ईए) ह्या कंपनीने १९८३ मध्ये ज्यूलियस अर्व्हिंग (१९५०– ) व लॅरी बर्ड (१९५६– ) यांच्याशी करार करून त्या दोघांतील बास्केटबॉलच्या लढतीचा खेळ काढला. निन्टेन्डो कंपनीचा मुष्टियुद्धाचा खेळ १९८७ मध्ये माइक टायसन (१९६६– ) याच्या नावाने निघाला. कराराची मुदत संपल्यावर १९९० मध्ये तोच खेळ टायसनच्या जागी एक काल्पनिक मुष्टियोद्धा घालून पुन्हा विकण्यात आला. परवाना संपला की व्यक्ती वगळावी लागते, हे त्यावरून दिसून येते.

खेळाडूंचे हक्क व संघांचे हक्क एकमेकांपासून वेगळे आहेत, हेही ह्याच काळात स्पष्ट झाले. १९८८ मधील एका बेसबॉल खेळाच्या निर्मात्याने खेळाडूंच्या संघटनेचा परवाना घेतला, पण स्पर्धा चालविणाऱ्या संस्थेचा घेतला नाही. परिणामी त्या खेळात खेळाडूंची नावे खरी होती, परंतु संघांची नावे व बोधचिन्हे नव्हती. उलट १९९३ मध्ये निघालेल्या ‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ ह्या खेळावर जागतिक फुटबॉल महासंघाचे नाव होते, खेळाडूंची नावे मात्र काल्पनिक होती.

सामूहिक परवाना : एका खेळात शेकडो अथवा हजारो खेळाडू असल्यामुळे प्रत्येकाशी स्वतंत्र करार करणे निर्मात्यास अवघड असते. एकट्या खेळाडूचे, तो अतिप्रसिद्ध नसल्यास, निर्मात्यापुढे काही चालत नाही. ह्या दोन्ही अडचणींवर सामूहिक परवाना हा उपाय निघाला. अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या संघटनेची सूत्रे १९६६ मध्ये मार्व्हिन मिलर यांच्याकडे आली. बाटल्यांच्या झाकणांवर खेळाडूंची चित्रे छापण्याविषयी कोका-कोला कंपनीशी केलेला करार हा संघटनेच्या अशा उत्पन्नाचा आरंभ होय. त्यानंतर खेळाडूंनी टॉप्स कंपनीच्या चित्रपत्रिकांसाठी छायाचित्रे काढून घेण्याचे थांबविले. परिणामी प्रत्येकास मिळणारी वार्षिक रक्कम १२५ डॉलरांवरून २५० डॉलरांवर गेली व विक्रीतील हिस्साही मिळू लागला. हीच पद्धती पुढे व्हिडिओ खेळांस लागू झाली. फुटबॉलच्या क्षेत्रात १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिफप्रो’ ह्या व्यावसायिक खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने विविध देशांतील संघटनांमार्फत असे परवाने देण्यास प्रारंभ केला.

सामूहिक व्यवस्थेतून बाहेर राहण्याचा पर्याय खेळाडूस असतो. मायकेल जॉर्डन (१९६३– ) याने आपले हक्क स्वतःकडे ठेवल्यामुळे १९९०–२००० ह्या दशकातील अनेक बास्केटबॉल खेळांत त्या काळचा सर्वांत नामांकित खेळाडूच नसे. बेसबॉलपटू बॅरी बाँड्‌स (१९६४– ) हा २००३ मध्ये सामूहिक परवान्यातून बाहेर पडला, तेव्हा एका खेळात त्याच्या जागी भिन्न नावाचा काल्पनिक फलंदाज घालण्यात आला. असा पर्याय मोजक्यांनाच परवडतो. सामान्य खेळाडूस संघटनेचाच आधार असतो.

संघटनाही सर्व सभासदांचे हित सारखेच पाहते, असे नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एका लोकप्रिय व्हिडिओ खेळात जुन्या काळचे संघ होते. त्यांतील निवृत्त खेळाडूंना मोबदला मिळत नव्हता; त्यांची नावे काढून चेहरे व क्रमांक बदललेले होते. दोन हजारांहून अधिक निवृत्त खेळाडूंच्या वतीने खुद्द खेळाडू संघटनेवरच दावा लावण्यात आला. २००८ मध्ये ज्यूरीने संघटनेस २ कोटी ८१ लक्ष डॉलर देण्यास सांगितले व पुढील वर्षी २ कोटी ६२ लक्ष ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली.

महाविद्यालयीन खेळाडूंचे खटले : ज्यांची संघटनाच नव्हती अशा खेळाडूंच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉल यांचे सामने अतिशय लोकप्रिय आहेत. तथापि १९०६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्‌लेटिक असोसिएशनच्या (एनसीएए) नियमांनुसार हे खेळाडू हौशी मानले जात व शिष्यवृत्तीखेरीज स्वतःच्या नावाचा वा प्रतिमेचा मोबदला घेण्यास त्यांना मनाई होती. विद्यापीठांची नावे व बोधचिन्हे वापरण्याचा परवाना ईए कंपनीने शुल्क देऊन घेतलेला होता. खेळाडूंना मात्र काहीच मिळत नव्हते आणि नियमांमुळे ते मागूही शकत नव्हते.

ह्या खेळांत खेळाडूंची नावे नसत. बाकी सर्व काही असे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक सॅम केलर याच्या दाव्यातील निकालपत्रात ह्याचे नेमके वर्णन आढळते. २००५ च्या आवृत्तीतील त्या संघाच्या क्वार्टरबॅकचा क्रमांक केलरप्रमाणेच ९ होता. उंची, वजन, वर्ण, केसांचा रंग व ठेवण, कोणत्या हाताने चेंडू फेकतो ते, मूळ राज्य, खेळाची शैली, शिरस्त्राणावरील काच आणि शिक्षणाचे वर्ष हे सारे जुळत होते. गाव तेवढे वेगळे दाखविलेले होते. खेळाडूंच्या लकबी अचूक उतरवण्यासाठी कंपनी संघांच्या साहित्यप्रमुखांकडे सविस्तर प्रश्नावल्या पाठवीत असे. खेळणाऱ्यांना इतरांनी तयार केलेल्या नावांच्या याद्या खेळात भरता येत, म्हणजे पोशाखावर खरी नावेही उमटत. केलर नंतर नेब्रॅस्का विद्यापीठात गेला. तेथील आवृत्तीतही त्याचे प्रतिरूप होते, फक्त क्रमांक जुळत नव्हता. हंगामाच्या तोंडावर त्याने तो बदलल्यामुळे असे झाले असावे, असा तर्क न्यायालयाने केला.

केलरने २००९ मध्ये दावा लावला. त्याच वर्षी रट्‌गर्स विद्यापीठाचा माजी क्वार्टरबॅक रायन हार्ट याने न्यू जर्सीत, तर १९९५ मधील विजेत्या यूसीएलए संघाचा बास्केटबॉलपटू एड ओबॅनन (१९७२– ) याने कॅलिफोर्नियात दावे लावले. ओबॅननला ही गोष्ट योगायोगाने कळली होती. २००८ मध्ये मित्राच्या घरी गेला असता त्याने पडद्यावर स्वतःचे प्रतिरूप पाहिले. चेहरामोहरा, संघ व ३१ हा क्रमांक त्याचाच होता. कोणी त्याची अनुमती विचारलेली नव्हती व एक डॉलरही दिलेला नव्हता.

न्यायालयांपुढील मुख्य मुद्दा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. व्हिडिओ खेळ हे पुस्तके व चित्रपट यांच्याप्रमाणेच अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने संरक्षित आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते. प्रसिद्ध व्यक्तींविषयी लिहिण्यास वा चित्रपट काढण्यास त्यांची परवानगी लागत नाही. मग व्हिडिओ खेळास ती का लागावी, असा निर्मात्यांचा युक्तिवाद होता. उत्तरादाखल न्यायालयांनी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये घालून दिलेली रूपांतरणाची कसोटी लावली. कलाकृतीने मूळ प्रतिमेवर पुरेसे संस्कार करून तिचे नव्या निर्मितीत रूपांतर केले असल्यास तिला संरक्षण मिळते. प्रतिमा केवळ जशीच्या तशी उतरवली असल्यास मिळत नाही.

फिलाडेल्फिया येथील संघीय अपील न्यायालयाने मे २०१३ मध्ये हार्टच्या बाजूने निर्णय दिला. खेळातील आकृतीचा १३ हा क्रमांक, ६ फूट २ इंच उंची, १९७ पौंड वजन व डाव्या मनगटावरील पट्टी ही हार्टच्या प्रत्यक्ष रूपाशी मिळतीजुळती होती. आकृती खऱ्या मैदानासारख्याच मैदानावर, हार्ट जे करून प्रसिद्ध झाला तेच करीत होती. तेव्हा रूपांतर झाले असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. खेळणाऱ्यास आकृतीत फेरफार करता येतात, ही गोष्टही पुरेशी मानली गेली नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील न्यायालयाने केलरच्या खटल्यात हाच निष्कर्ष काढला. दोन्ही निर्णय दोन विरुद्ध एक अशा बहुमताने झाले. भिन्नमत देणाऱ्या न्यायाधीशांच्या मते संपूर्ण खेळाचा विचार करावयास हवा होता. कारण खऱ्या व्यक्तींच्या आधारे रचलेल्या इतर कलाकृतींवरही अशा निर्णयांचे सावट पडू शकते.

यानंतर ईए कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या खेळाचे प्रकाशन थांबविल्याचे घोषित केले. कंपनी व विद्यापीठांच्या परवान्यांचे काम पाहणारी संस्था यांनी मिळून ४ कोटी डॉलर आणि एनसीएएने २ कोटी डॉलर खेळाडूंना देण्याचे तडजोडीत मान्य केले. ओबॅननचा दावा एनसीएएविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली चालू राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मोबदल्यावरील सरसकट बंदी कायद्याचा भंग करणारी असल्याचा निर्णय दिला. अपिलात त्याचा काही भाग रद्द झाला, तरी मुख्य निष्कर्ष कायम राहिला. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०१९ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेऊ देणारा कायदा केला व इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. शैक्षणिक लाभांवरील मर्यादांबाबतच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये एनसीएएविरुद्ध एकमताने निर्णय दिला आणि १ जुलै २०२१ पासून एनसीएएने आपली मनाई उठविली.

सु. अकरा वर्षांच्या खंडानंतर जुलै २०२४ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचा खेळ पुन्हा निघाला. सहभागास संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूस ६०० डॉलर व खेळाची एक प्रत देऊ करण्यात आली. दहा हजारांहून अधिक खेळाडूंनी संमती दिली व त्यांची नावे प्रथमच उघडपणे खेळात आली. रक्कम अल्प असून ती ठरवताना खेळाडूंच्या वतीने वाटाघाटी करणारी मान्यताप्राप्त संघटना नव्हती, अशी टीका झाली. ज्या हक्कासाठी खटले झाले, तो मिळाल्यावरही त्याची किंमत ठरविण्याची ताकद खेळाडूंकडे पुरेशी आली नव्हती, हे त्यावरून दिसते.

आकडेवारी व नावे : खेळाडूच्या प्रतिरूपाऐवजी केवळ नावे व धावसंख्या वापरल्यास न्यायालयांचा कल वेगळा दिसतो. काल्पनिक संघ निवडण्याच्या बेसबॉलवरील खेळासंबंधी सेंट लूइस येथील संघीय अपील न्यायालयाने २००७ मध्ये असे ठरविले, की ही माहिती सार्वजनिक असून तिच्या वापरास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. १९७० च्या मिनेसोटातील निर्णयाहून हा निर्णय उघडच भिन्न आहे. वृत्तपत्रात छापला जाणारा धावफलक आणि व्यक्तीसारखी चालणारी-बोलणारी आकृती यांत फरक करण्याकडे न्यायालयांचा कल आहे. त्या दोहोंमधील सीमारेषा मात्र काटेकोरपणे आखली गेलेली नाही.

गोंदणाचे प्रश्न : प्रतिरूप जितके हुबेहूब, तितके त्यात इतरांचे हक्क गुंतत जातात. खेळाडूंच्या अंगावरील गोंदण हे गोंदणाऱ्या कलाकाराची कृती असल्यामुळे त्यावर कॉपीराइट असू शकतो. बास्केटबॉलच्या एका खेळात लेब्रॉन जेम्स (१९८४– ) व इतर खेळाडूंच्या अंगावरील गोंदण दाखविल्याबद्दलचा दावा न्यूयॉर्क येथील न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला. गोंदण करून घेताना ते स्वतःच्या प्रतिमेचा भाग म्हणून इतरांस दाखवू देण्याचा परवाना खेळाडूस मिळालेला असतो, असे त्याचे एक कारण होते. उलट कुस्तीच्या एका खेळाबाबत इलिनॉय राज्यातील ज्यूरीने २०२२ मध्ये गोंदणकाराच्या बाजूने निर्णय देऊन ३,७५० डॉलरांची भरपाई ठरविली.

इतर देश : जर्मनीत स्वतःच्या चित्रावरील हक्क १९०७ च्या कायद्याने मान्य झाला. बिस्मार्कच्या मृतदेहाचे १८९८ मध्ये चोरून घेतलेले छायाचित्र हे त्या कायद्यामागील एक निमित्त होय. राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक ओलिव्हर कान (१९६९– ) याने ह्या हक्काच्या आधारे २००२ च्या विश्वचषकावरील व्हिडिओ खेळाविरुद्ध दावा लावला. सामूहिक परवाना घेतल्याचे निर्मात्याचे म्हणणे होते; पण हँबर्ग येथील न्यायालयांनी २००३ व २००४ मध्ये कानची व्यक्तिगत संमती आवश्यक मानली. नेदर्लंड्‌समध्ये एड्‌गर डाव्हिड्‌स (१९७३– ) ह्या फुटबॉलपटूने, एका अद्‌भुतरम्य खेळातील पात्र आपल्यासारखे केल्याबद्दल दावा लावला. त्या पात्राचे नाव भिन्न होते. मात्र केसांच्या बटा व डोळ्यांवरील चष्मा डाव्हिड्‌सची आठवण करून देत. ॲम्स्टरडॅम येथील न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. इंग्लंडमध्ये प्रतिमेचा स्वतंत्र हक्क नाही. खेळाडूने त्या वस्तूस पाठिंबा दिल्याचा खोटा आभास निर्माण झाला, हे तेथे सिद्ध करावे लागते. मोटारशर्यतपटू एडी अर्व्हाइन याने २००२ मध्ये एका नभोवाणी केंद्राविरुद्ध ते सिद्ध केले.

ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने व्यक्तीच्या प्रतिमेस संरक्षण दिले आहे व तेथे हा हक्क प्रत्येक खेळाडूकडून स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. ह्या अडचणीमुळे २०१४ मध्ये निघालेल्या ‘फिफा १५’ ह्या खेळातून ब्राझीलमधील क्लब वगळावे लागले. फुटबॉलच्या ह्या खेळमालिकेसंबंधी नोव्हेंबर २०२० मध्ये झ्लाटान इब्राहिमोव्हिच (१९८१– ) याने, आपल्या नावाचा व चेहऱ्याचा वापर करण्यास कोणी अनुमती दिली, असा जाहीर प्रश्न केला. आपल्या वतीने संघटनेने दिलेल्या परवान्याची खेळाडूस प्रत्यक्ष माहिती असतेच असे नाही, हे त्यातून उघड झाले. ईए व फिफा यांचा करार संपल्याचे २०२२ मध्ये घोषित झाले आणि २०२३ पासून ती मालिका फिफाच्या नावावाचून निघू लागली. खेळाडूंचे परवाने वेगळे असल्यामुळे हजारो खेळाडू तीत कायम राहिले.

भारत : भारतात ह्या विषयासंबंधी स्वतंत्र कायदा नाही, न्यायालयीन निर्णयांतून तो घडत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य ह्या खटल्यात, व्यक्तीचे नाव किंवा प्रतिमा तिच्या संमतीवाचून जाहिरातीसाठी वा अन्य हेतूने वापरणे हा खाजगीपणाच्या हक्काचा भंग ठरू शकतो, असे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये, प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीच्या ठायी वसतो, क्रीडास्पर्धेसारख्या घटनेच्या ठायी नव्हे, असे स्पष्ट केले. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये गायक दलेर मेहंदी याच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीस मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग याच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली.

क्रिकेटपटूंच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. परवाना घेऊन खेळाडूंची अंकीय चित्रपत्रिका विकणाऱ्या कंपनीने, परवाना न घेता तशाच पत्रिका आपल्या खेळात वापरणाऱ्या दुसऱ्या कंपनीविरुद्ध दावा केला होता. खेळाडूंची नावे, आकडेवारी व कलात्मक रेखाटने यांचा उपयोग संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) नुसार संरक्षित अभिव्यक्तीत येतो, असे न्यायालयाने म्हटले व अंतरिम मनाई नाकारली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. प्रतिरूपाविषयीचा मूळ प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

क्रिकेटच्या व्हिडिओ खेळांत ब्रायन लारा (१९६९– ) याचे नाव १९९० नंतरच्या दशकात गाजले. तोच खेळ ऑस्ट्रेलियात शेन वॉर्न (१९६९–२०२२) याच्या नावाने विकला गेला. सर्व संघांचे परवाने निर्मात्यांकडे नसत. अशा वेळी नावांतील अक्षरे बदलून ती छापण्याची युक्ती योजीत. पण फलंदाजीचा क्रम व शैली यांवरून खेळाडू सहज ओळखता येई. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या, डॉन ब्रॅडमन (१९०८–२००१) याच्या नावाच्या खेळात बहुतेक नावे काल्पनिक होती. तथापि खेळणाऱ्यांनी स्वतः घडविलेले खेळाडू एकमेकांस देण्याची सोय असल्यामुळे खऱ्या खेळाडूंची प्रतिरूपे त्यात आलीच. व्यक्तिगत परवान्याचे भारतीय उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकर (१९७३– ) याच्याशी करार करून पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने २०१७ मध्ये काढलेला ‘सचिन सागा’ हा खेळ होय. असा करार अग्रगण्य खेळाडूंनाच शक्य असतो. २०१९ मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही संस्था माजी खेळाडूंची आहे. खेळत असलेल्या क्रिकेटपटूंच्या वतीने सामूहिक परवाना देणाऱ्या, अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या धर्तीवरील संघटनेचा भारतात अभाव असल्यामुळे रणजी करंडकासारख्या स्पर्धांतील सामान्य खेळाडूच्या हाती ह्या हक्काचा लाभ पडण्याची वाट अद्याप मोकळी झालेली नाही.

मूल्यमापन : ह्या हक्काच्या विस्तारास दोन बाजू आहेत. तो फार संकुचित ठेवल्यास खेळाडूने वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने मिळविलेल्या ओळखीवर इतरांचा व्यापार चालतो. खेळाडूची कारकीर्द अल्पकालीन व दुखापतींमुळे अनिश्चित असल्याने हे नुकसान पुढे भरून येत नाही. उलट तो अमर्याद केल्यास चरित्र, इतिहास, व्यंगचित्र, वृत्त व समीक्षा यांनाही परवान्याची अडचण होईल. ‘हुबेहूब उतरविणे’ व ‘नव्याने घडविणे’ यांतील भेद हा न्यायालयांनी ह्या दोन टोकांमध्ये शोधलेला मध्यम मार्ग होय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काही छायाचित्रे व चित्रफिती यांवरून कोणत्याही खेळाडूचा चेहरा, आवाज व हालचाली निर्माण करणे आता सुलभ झाले आहे. त्यामुळे ह्या भेदाची परीक्षा यापुढे अधिक कठीण होणार आहे. नाव गाळणे, क्रमांक बदलणे वा अक्षरे फिरविणे ह्या युक्त्यांनी ओळख लपत नाही, एवढे आतापर्यंतच्या खटल्यांनी दाखवून दिले आहे. त्या ओळखीचा योग्य मोबदला सामान्य खेळाडूपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र न्यायालयीन निर्णयांच्या जोडीला खेळाडूंचे प्रातिनिधिक संघटन, कराराच्या अटींची पूर्ण माहिती व संमती नाकारण्याचे खरे स्वातंत्र्य यांची आवश्यकता आहे.